ठेवावें काय, गाळावें काय? – घरगुती चित्रफितींच्या संकलनाचा छंद

छंद कसा असावा याविषयीं जुन्या मंडळींचे कांहीं ठोकताळे असत. त्यास खर्च थोडा लागावा. तो घरांत बसून करितां यावा. त्यापासून घरांतल्या माणसांस उपद्रव न होतां झाला तर आनंदच व्हावा. आणि त्यांत घालविलेल्या वेळाचा पुढें पश्चात्ताप होऊं नये. तिकिटें जमविणें, बागकाम, विणकाम, पेटीवादन हे छंद या कसोट्यांस उतरले म्हणूनच ते आपल्या घरांतून टिकले. आज आम्ही वाचकांपुढें जो छंद ठेवीत आहों तो नव्या युगाचा आहे खरा. परंतु या चारही कसोट्यांस तो उतरतो, असा आमचा अनुभव आहे. हा छंद म्हणजे घरच्या घरीं टिपलेल्या व्हिडिओंचें संकलन.

ठाण्यापासून कल्याणपर्यंत कोणत्याही घरांत जा. मोबाइलमध्यें शेकडों चलच्चित्रें सांठलेलीं आढळतील. नातवाचें बारसें आहे, पुतणीचें डोहाळजेवण आहे, फडके रोडवरची पाडव्याची शोभायात्रा आहे, दुर्गाडीवरची नवरात्रांतली गर्दी आहे, मासुंदा तलावाकाठीं घेतलेली मुलांची धांवपळ आहे. पण हें सारें पाहतो कोण? टिपणारा टिपतो, एकदां पाठवितो आणि विसरतो. माळ्यावर टाकलेल्या सामानाची जी गत तीच या चित्रांची. सामान आहे, पण वेळेला हातीं लागत नाहीं. आणि माळा भरला म्हणजे एके दिवशीं न पाहतांच तें फेंकून द्यावें लागतें. मोबाइल भरला म्हणजे आपण हेंच करितों.

आम्हांलाही हें सुचलें तें सुखासुखीं नव्हे. डोंबिवली पूर्वेस, स्टेशनापासून दहा मिनिटांच्या वाटेवर, आमच्या आत्याबाईंची जुनी दुमजली इमारत आहे, किंबहुना, होती. गेल्या वर्षीं ती पुनर्बांधणीसाठीं पाडावयाचें ठरलें. आत्याबाईंचें वय चौऱ्याऐशीं. लग्न होऊन कल्याणच्या पारनाक्यावरून त्या ज्या घरांत आल्या, तें घर सोडण्यास त्यांना दोन महिन्यांची मुदत होती. त्या दोन महिन्यांतील रविवारीं आम्ही व आमचा पुतण्या मोबाइल घेऊन जात असूं. त्यांतून पांच तास चाळीस मिनिटांचें चित्रण जमलें, आणि त्याची अखेर चौदा मिनिटांची एक फीत झाली. ती करितांना आम्ही जें शिकलों, जें चुकलों, आणि एका प्रश्नावर घरांत जो वाद झाला, तो सर्व वृत्तान्त येथें देत आहों.

हा छंद मूळचा घरचाच

चित्रपट ही मोठ्या स्टुडिओंत जन्मलेली कला, अशी आपली समजूत असते. वस्तुस्थिति तशी नाहीं. २८ डिसेंबर १८९५ रोजीं पॅरिसच्या ग्रँड कॅफेंत ल्युमिएर बंधूंनीं पैसे घेऊन पहिला जाहीर खेळ केला, त्यांतील दहा छोट्या चित्रांपैकीं एक अगदीं घरगुती होतें. थोरले बंधु ऑगस्त व त्यांची पत्नी आपल्या तान्ह्या मुलीस भरवीत आहेत, एवढाच त्याचा विषय. लांबी एका मिनिटाहूनही कमी. पुढील सालच्या ७ जुलैस ल्युमिएरांचा खेळ मुंबईस वॉटसन हॉटेलांत झाला. त्यापासून स्फूर्ति घेऊन हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा यांनीं कॅमेरा मागविला आणि १८९९ सालीं मुंबईच्या हँगिंग गार्डनवर कुस्तीचें चित्रण केलें.

दादासाहेब फाळके यांनीं तर कारखानाच घरांत मांडला. १९१२ सालीं विलायतेहून यंत्रसामग्री आणल्यावर त्यांनीं वाटाण्याच्या रोपाची वाढ थोड्या थोड्या अवकाशानें एकेक चित्र घेऊन टिपली, आणि ती लहानशी फीत दाखवून भांडवलदारांचा विश्वास मिळविला. त्या काळीं कोऱ्या फितीच्या कडांस भोकें स्वतः पाडावीं लागत. अंधारांत बसून हें कंटाळवाणें काम त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई करीत. फीत धुण्याचें व जोडण्याचें कामही त्या शिकल्या. आणि सगळ्या मंडळींचा स्वयंपाक त्यांच्याकडे होताच. ३ मे १९१३ रोजीं ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढें आला, त्यामागें दादरच्या एका संसारी घरांतील हे हात होते. तेव्हां आमच्या वाचकभगिनींपैकीं कोणी ‘हें आमचें काम नव्हे’ म्हणेल, तर तिनें सरस्वतीबाईंचें स्मरण करावें. आज भोकें पाडावीं लागत नाहींत, रसायनांनीं हात काळे होत नाहींत. कात्री व जोडकामाचें टेबल दोन्ही पडद्यावर आलीं आहेत. राहिलें आहे तें फक्त डोकें चालविण्याचें काम.

संकलन म्हणजे काय?

पुष्कळांची कल्पना अशी कीं, संकलन म्हणजे चित्रांवर नक्षी काढणें: फुलें उधळणें, अक्षरें नाचविणें, मागें सिनेमाचें गाणें लावणें. ही नक्षी म्हणजे पक्वान्नावरची चांदीचा वर्ख. ती नसली तरी पक्वान्न अडत नाहीं. संकलन म्हणजे जमलेल्या तुकड्यांतून काय ठेवावें, काय गाळावें, आणि ठेवलेल्यांत कोणतें कशापुढें मांडावें, हें ठरविणें.

मांडणीचें सामर्थ्य किती असतें याचा एक प्रसिद्ध प्रयोग आहे. पहिल्या महायुद्धानंतरच्या वर्षांत रशियांतील लेव कुलेशोव या दिग्दर्शकानें एका नटाचा भावशून्य चेहरा घेतला आणि तोच तुकडा निरनिराळ्या चित्रांस जोडला: एकदां रश्श्याच्या वाडग्यास, एकदां शवपेटीस, एकदां एका तरुणीस. पाहणारांस त्या एकाच चेहऱ्यावर भूक, शोक व अभिलाषा दिसली, असें सांगतात. चेहरा तोच होता. शेजार बदलला होता. ही गोष्ट आम्हीं वाचली होती, पण तिचा खरा अर्थ आत्याबाईंच्या फितीनें आम्हांस कळला. तो पुढें येईलच.

गाळण्यानें कांहीं बिघडत नाहीं, हेंही नवशिक्यास पटावें लागतें. पारसिकचा बोगदा १९१६ सालीं खुला झाला. त्याची लांबी सव्वा किलोमीटरांहून अधिक. गाडी मुंब्र्याच्या बाजूनें त्यांत शिरते आणि कळव्याच्या बाजूनें बाहेर पडते. आंतला सारा वेळ खिडकींतून अंधारच दिसतो. पण प्रवासाचें वर्णन करितांना तो अंधार आपण सांगत बसत नाहीं, आणि ऐकणारासही प्रवास तुटल्यासारखा वाटत नाहीं. संकलनांतला ‘कट’ हा असाच. माणूस जिना चढूं लागला येवढें दाखवून पुढच्या क्षणीं तो दारांत उभा दाखविला, तर मधल्या वीस पायऱ्या पाहणाऱ्याचें मन आपल्या आपण चढतें.

साहित्य व खर्च

खर्चाची चिंता नको. बहुतेक घरांत असलेला मोबाइल हा कॅमेरा म्हणून पुरतो. संगणक असल्यास ‘शॉटकट’ आणि ‘केडेनलाइव्ह’ हीं दोन साधनें अजीबात विनामूल्य मिळतात. ‘दाविंची रिझॉल्व’ हें मोठ्या चित्रपटांच्या कामीं वापरलें जाणारें साधन, पण त्याचीही एक विनामूल्य आवृत्ति आहे, मात्र तिला संगणक दमदार लागतो. अ‍ॅपलचें यंत्र असेल त्याच्याकडे ‘आयमूव्ही’ असतेंच. पहिल्या फितीसाठीं यांतील कोणतेंही चालेल. साधन निवडण्यांत महिना घालविणारे आणि एकही फीत न करणारे गृहस्थ आमच्या पाहण्यांत आहेत.

पैसे खर्चावयाचेच तर दोन वस्तूंवर खर्चावे: मोबाइल स्थिर ठेवणारी एक तिकाटी, आणि बोलणाऱ्याच्या पदरास किंवा सदऱ्यास लावावयाचा लहानसा माइक. चित्र थोडें हललें तरी लोक पाहतात. शब्द ऐकूं आला नाहीं तर उठून जातात. आमच्या पहिल्या रविवारचें चित्रण बहुतांशीं वायां गेलें, कारण डोक्यावर पंखा फिरत होता व खिडकीखालीं रिक्षांचे भोंगे वाजत होते. दुसऱ्या रविवारीं पंखा बंद केला, खिडकी लावली, आणि मोबाइल आत्याबाईंच्या जवळ नेला. सारा फरक तेवढ्यानें पडला.

कामाचा क्रम

नवशिक्यानें पुढील क्रम धरावा, असें आम्हांस अनुभवांतीं वाटतें.

पहिलें काम मूळ चित्रण सुरक्षित ठेवण्याचें. साध्या मोबाइलचें एका मिनिटाचें चित्रण साधारणतः साठ ते एकशें तीस मेगाबाइट जागा घेतें. आमचे पांच तास चाळीस मिनिटें चाळीस गिगाबाइटांच्या आसपास गेले. हें सर्व एका फोल्डरांत उतरवून त्याची दुसरी प्रत निराळ्या हार्ड डिस्कवर करावी, आणि ती डिस्क शक्य तर दुसऱ्या घरीं ठेवावी. आमची एक प्रत ठाण्यास बहिणीकडे असते. हीं साधनें मूळ चित्रास हात लावीत नाहींत. कोठून कोठपर्यंत दाखवावयाचें याची केवळ नोंद ठेवितात. म्हणून काम चालू असतां मूळ चित्रांचें नांव किंवा जागा बदलूं नये. आमच्या पुतण्यानें एकदां ‘आवराआवर’ म्हणून फोल्डर हलविला, आणि दुसऱ्या दिवशीं टाइमलाइनवर सगळीकडे रिकामे चौकोन दिसूं लागले! नोंद होती, वस्तू जागेवर नव्हती. फोल्डर परत मूळ जागीं ठेवितांच सर्व सुरळीत झालें; पण तोंवर त्याचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता.

दुसरें काम सगळें चित्रण एकदां सलग पाहण्याचें, हातांत वही घेऊन. हें काम टाळण्याकडे सर्वांचा कल असतो, आणि खरा छंद तर येथेंच सुरू होतो. हिशेबाच्या वहीप्रमाणें तीन रकाने आंखावे: चित्राचा क्रमांक, मिनिट-सेकंद, आणि तेथें काय आहे. ‘क्र. १७, मिनिट ४, विहिरीची गोष्ट, हंसतात’, इतकी नोंद पुरे. जेथें आपण स्वतः हंसलों किंवा आपला घसा दाटला, तेथें फुली करावी. आमच्या वहींत अशा एकतीस फुल्या झाल्या; फीत त्यांतूनच उभी राहिली.

तिसरें काम कागदावर मांडणी. लहान चिठ्ठ्यांवर एकेक प्रसंग लिहून त्या जमिनीवर मांडाव्या व हालवून पाहाव्या. घरांतील वडील माणसें व मुलें या खेळांत आवडीनें भाग घेतात. मग संगणकाकडे जावें. तुकडे त्या क्रमानें टाइमलाइनवर ठेवावे, प्रत्येकाचें आगेंमागें छाटावें, आणि जेथें बोलणें तुटतें तेथें हातांचें, वस्तूंचें किंवा घराचें एखादें चित्र वर ठेवून सांधा झांकावा. यासाठीं चित्रण करितांनाच माणूस, माणसाचे हात, आणि माणसाभोंवतालची जागा अशीं तीन अंतरांवरून चित्रें घेऊन ठेवावीं. आत्याबाई बोलत असतां त्यांचे तोंडली चिरणारे हात दाखविले, आणि एकूण पांच ठिकाणचे सांधे त्याखालीं दडले.

आवाज चित्राच्या किंचित् आधीं येऊं द्यावा, ही एक छोटी युक्ति. आमच्या फितीच्या आरंभीं काळा पडदा आहे आणि झोपाळ्याच्या कड्यांची कुरकुर ऐकूं येते. दोन क्षणांनीं झोपाळा दिसतो. ज्यांचें बालपण त्या घरांत गेलें त्या आमच्या चुलतबहिणींनीं चित्र येण्याआधींच ‘झोपाळा!’ म्हणून ओळखला.

जुन्या कॅसेटी

या ठिकाणीं एका निकडीच्या गोष्टीकडे लक्ष वेधावयास हवें. १९८० नंतर आपल्या घरांतून लग्नामुंजींच्या व्हिडिओ कॅसेटी झाल्या. ती फीत चुंबकीय असते, आणि आपल्या खाडीकांठच्या दमट हवेंत तिला बुरशी धरते. शिवाय ती वाजविणारें यंत्रच दुर्मिळ झालें आहे. जपानांतील शेवटच्या मोठ्या उत्पादकानेंही २०१६ सालीं व्हीसीआर करणें बंद केलें. चालू स्थितींतला व्हीसीआर मिळाला, तर पिवळ्या-तांबड्या-पांढऱ्या तारांनीं तो संगणकाच्या एका लहान जोडयंत्रास लावून कॅसेट उतरवून घेतां येते. तीन तासांची कॅसेट उतरण्यास तीनच तास लागतात. घाई चालत नाहीं. बुरशी दिसत असेल तर ती यंत्रांत घालूंच नये; कॅसेट व यंत्र दोन्ही बिघडतात. अशी कॅसेट जाणकाराकडे द्यावी, आणि देतांना तिच्यावर नांव व तारीख ठळक लिहावी. आम्हीं न लिहितां दिलेली एक कॅसेट एका दुकानांतून परत आली ती दुसऱ्याच कोणाच्या वाढदिवसाची!

आणि आणखी एक आठवण. २६ जुलै २००५ च्या महापुरांत कल्याणास आमच्या एका नातलगांच्या तळमजल्यावर पाणी शिरलें. कपाटाच्या खालच्या खणांत १९९१ सालच्या मुंजीची कॅसेट होती. त्या मुंजींत आमची आजी मातृभोजनाच्या वेळीं शेजारीं बसून ओवी गुणगुणते, असें जे त्या दिवशीं होते ते सांगतात. तिच्या आवाजाची तेवढी एकच नोंद होती. चौदा वर्षें ती कॅसेट घरांत होती. ‘पाहूं केव्हां तरी’ म्हणून कोणी दुसरी प्रत केली नाहीं. चित्रपटांच्या इतिहासांतही हेंच झालें आहे. दादासाहेब फाळक्यांचे बहुतेक चित्रपट आज समूळ नाहींसे झाले आहेत, आणि जे तुकडे उरले ते पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयासारख्या संस्थांनीं जपले म्हणून उरले. घराचें संग्रहालय आपण नाहीं तर कोण होणार?

गाळलेला क्षण

आतां तो वाद. आत्याबाई बोलत्या झाल्या त्या तिसऱ्या रविवारीं. विहीर, भातशेतें, पहिला गॅस, शेजारच्या बाळंतिणी, सर्व सांगून झालें. मग आमच्या पुतण्यानें सहज विचारलें, “आत्याआजी, तुला काय व्हायचं होतं ग?”

आत्याबाई थांबल्या. झोपाळाही थांबला. वहींत आम्हीं नोंद केली आहे: अकरा सेकंद. मग त्या म्हणाल्या, “मला कॉलेजात जायचं होतं. एस. एस. सी.ला संस्कृतात वर्गात पहिली होते मी. पण कॉलेज म्हणजे रोज माटुंग्याची गाडी. अप्पा म्हणाले, मुलीच्या जातीनं गाडीतून एकटीनं जायचं नाही. आनंदीबाई जोश्यांच्या गावात राहून मला माटुंग्याची गाडी मिळाली नाही बघ!” आणि त्या हंसल्या. पुढें म्हणाल्या, “पण त्याच अप्पांनी लग्न होईपर्यंत दर शनिवारी सार्वजनिक वाचनालयातून माझ्यासाठी पुस्तक आणलं. ऑफिसातून दमून यायचे, तरी वाट वाकडी करून. एकही शनिवार चुकला नाही.”

पुतण्यानें पहिली जुळणी केली, तेव्हां ते अकरा सेकंद कापून टाकले. ‘तिथं काहींच होत नाहीं’, असें त्याचें म्हणणें. फीत पाहतांना आम्हांस कांहीं तरी खटकलें, पण काय तें कळेना. कळलें तें आत्याबाईंना. त्या म्हणाल्या, “अरे, मी इतकी भराभर सांगितली का ही गोष्ट? मला तर सांगू की नको असं झालं होतं.” अकरा सेकंद परत जागीं ठेविले, आणि तोच आमच्या फितींतला सर्वांत बोलका भाग ठरला. कांहीं न घडणें आणि कांहीं न दिसणें यांतील भेद ओळखणें हें संकलकाचें पहिलें शिक्षण होय.

दुसरा आक्षेप आमच्या थोरल्या बंधूंचा. ते म्हणाले, “कॉलेजची गोष्ट गाळा. अप्पा आता उत्तर द्यायला आहेत का? उद्या परदेशातली नातवंडं ही फीत पाहतील, त्यांना पणजोबा म्हणजे कोणी जुलमी गृहस्थ वाटेल.” हा आक्षेप हलका नव्हता. गेलेल्या माणसाची बाजू कोणी तरी राखलीच पाहिजे. पुतण्याचें मत उलट टोंकाचें: वाचनालयाची गोष्ट गाळावी, म्हणजे ‘मुद्दा ठसेल’. दोघांच्याही म्हणण्याप्रमाणें करणें माउसच्या एका टिचकीचें काम होतें. एका ठिकाणीं कापलें कीं अप्पा जुलमी ठरत. दुसऱ्या ठिकाणीं कापलें कीं देवमाणूस ठरत. कुलेशोवच्या नटाप्रमाणें अप्पांचा चेहरा तोच, शेजार बदलला कीं भाव निराळा! आणि दोन्ही फितींतला प्रत्येक शब्द आत्याबाईंनीं खरोखरच उच्चारलेला. तरी दोन्ही फिती खोट्या.

अखेर निर्णय आम्हीं घेतला नाहीं. जिची कहाणी तिच्याकडे तो सोंपविला. आत्याबाईंनीं तिन्ही जुळण्या शांतपणें पाहिल्या. म्हणाल्या, “दोन्ही ठेवा. गाडी नाकारली तेही खरं, पुस्तकं आणली तेही खरं. माझ्या बापाला अर्धा करून दाखवू नका.” थोरले बंधु बराच वेळ कांहीं बोलले नाहींत. मग त्यांनींच सुचविलें कीं, त्या बोलण्यानंतर अप्पांचा एक जुना फोटो पांच सेकंद दाखवावा. तो दाखविला आहे.

कांहीं पथ्यें

या अनुभवावरून आम्हीं आमच्यापुरते कांहीं नियम केले आहेत. ज्याचें चित्र, त्याची संमति. आणि फीत इतरांस दाखविण्याआधीं ती प्रथम त्याला दाखविणें. आजारी, अर्धवट वस्त्रांतील किंवा रडणाऱ्या माणसाचें चित्र त्याच्या इच्छेविरुद्ध ठेवूं नये. लहान मुलांची फजिती जन्मभर टिकेल अशा रीतीनें जगापुढें मांडूं नये. सिनेमाचीं गाणीं मालकी हक्काचीं असतात. घराबाहेर फीत प्रसिद्ध करावयाची तर तीं वापरूं नयेत. त्यापेक्षां घरांतल्या कोणाची पेटी किंवा आजीची भूपाळी शतपटीनें गोड लागते. फितीच्या शेवटीं माणसांचीं नांवें, नातीं, स्थळ व साल लिहावें. आज जें सर्वांस ठाऊक आहे तें तीस वर्षांनीं कोणासच ठाऊक नसतें. व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ म्हणून पाठविल्यास चित्राचा कस उतरतो. म्हणून ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावें. आणि फीत पुरी झाली म्हणून मूळ चित्रण पुसूं नये. आज आम्हीं गाळलेलें उद्यां दुसऱ्या कोणास ठेवावेंसें वाटेल. तो त्याचा हक्क आहे.

फीत आम्हीं त्या घरांतल्या शेवटच्या रविवारीं दाखविली. सामान बांधून झालें होतें; भिंतीवर पांढरी चादर ताणली व शेजारून मागून आणलेल्या प्रोजेक्टरनें चित्र टाकलें. खालच्या मजल्यावरचीं बिऱ्हाडेंही आलीं. झोपाळा आदल्या दिवशींच उतरविला होता, आणि रिकाम्या कड्यांखालीं बसून सर्वांनीं त्याची कुरकुर ऐकली. अकरा सेकंदांच्या त्या शांततेंत कोणी हाललें नाहीं. आतां तेथें पत्र्याचें कुंपण आहे. आत्याबाई ठाण्यास भाड्याच्या जागेंत राहतात, आणि नव्या इमारतीच्या कामाची चौकशी करीत असतात.

वाचकहो, प्रत्येकाच्या घरीं अशी एखादी आत्या, मावशी, आजोबा असतात. पहिली फीत तीन मिनिटांची करा. एक माणूस, एक जागा, एक प्रश्न. पंखा बंद, मोबाइल आडवा, आणि उत्तर येईपर्यंत आपण गप्प. पुढच्या रविवारीं वही घेऊन बसा. साधनाची ओळख तुम्हांस आठवड्याभरांत होईल. माणसाची ओळख होण्यास मात्र तें चित्रण तीनतीनदां पाहावें लागेल, आणि त्या तीन वेळांतच या छंदाचें सारें सुख आहे. येत्या सणास घरचीं माणसें जमतील, तेव्हां ती फीत त्यांच्यापुढें लावा. आणि ज्या प्रश्नाचें उत्तर आज घरांत एकाच माणसापाशीं आहे, तो प्रश्न आधीं विचारा.